निनवेचा बैल आणि खजुराचे डबे

(देरा येथील मराठी भाषक ज्यू कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)



युद्ध आणि शिल्पकला हा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या डोळ्यांपुढे चौकाचौकांतले अश्वारूढ पुतळे आले असतील. त्यांच्याविषयी मला बोलायचे नाही. पुतळा बहुधा जिंकणाऱ्याचा असतो, आणि तो युद्ध संपल्यावर निवांतपणे उभारला जातो. मला बोलायचे आहे ते अशा शिल्पांविषयी, जी युद्धाच्या बातम्या चालू असताना घडली. त्यांचे भांडण युद्धाशी तर आहेच, पण युद्ध आपल्याला ज्या रीतीने दाखविले जाते त्या रीतीशीही आहे. असे काम केलेले दोन शिल्पकार मी आज घेणार आहे. दोघांचीही आईकडची मुळे बगदादच्या ज्यू समाजात आहेत. एकाचे आजोबा पुण्याच्या सिनेगॉगमध्ये हझान होते, दुसऱ्याचे आजोबा बगदाद सोडून न्यूयॉर्कला गेले. तेव्हा विषय दूरचा वाटला, तरी तो आपल्या वेशीपर्यंत आलेला आहे.

परंतु सुरुवात त्यांच्यापासून नको. सत्तावीसशे वर्षे मागे जाऊ. इसवी सनापूर्वी ७०१ या वर्षी अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. यहूदाचा राजा हिज्कीया जेरुसलेमात होता. लाखीश हे त्याचे दुसरे बलाढ्य नगर. तनाखातील ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सन्हेरीबाने लाखीश घेतले. जेरुसलेमला वेढा पडला, पण नगर पडले नाही. पुढे सन्हेरीबाने निनवे येथे भव्य राजवाडा बांधला आणि त्याच्या एका दालनाच्या भिंती लाखीशच्या पाडावाच्या शिल्पांनी मढविल्या. इंग्रज संशोधक ऑस्टिन हेन्री लेयर्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती शिल्पे उकरून काढली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

ज्यांना शक्य असेल त्यांनी ती अवश्य पाहावीत, मात्र मन घट्ट करून पाहावीत. तटाला भिडलेले मातीचे उतार, त्यांवरून चढणारी भिंतफोड यंत्रे, वरून जळते पलिते फेकणारे आपले लोक. खाली नगराच्या वेशीतून बाहेर पडणारी कुटुंबे. बैलगाडीवर बांधलेले सामान, सामानावर बसलेल्या बाया आणि मुले. कोठे सुळावर चढविलेले पुरुष. आणि या सर्वांच्या शेवटी सिंहासनावर बसून लूट न्याहाळणारा सन्हेरीब. परदेशचे वकील दरबारात येत तेव्हा त्यांना हे दिसावे, हाच हेतू असावा. हे त्या काळचे वृत्तपत्र होते आणि त्याचा संपादक स्वतः राजा होता. म्हणूनच त्यात जे नाही तेही वाचावे लागते. शेहेचाळीस तटबंद नगरे घेतली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडून ठेवला, अशी बढाई सन्हेरीबाने कोरून ठेवली आहे. जेरुसलेम घेतले असे मात्र त्याला कोठेही लिहिता आलेले नाही. जे साधले नाही त्याविषयी मौन, आणि जे साधले त्याचे दालनभर चित्र. युद्धवार्तेची ही रीत फार जुनी आहे.

सन्हेरीबाच्या या निनवेला तटबंदी होती आणि तिच्या वेशींवर पंखधारी बैल उभे होते. धड बैलाचे, पंख गरुडाचे, मस्तक दाढीधारी पुरुषाचे. त्यांना लामासू म्हणतात. यहेज्केल संदेष्ट्याने खबार नदीकाठी पाहिलेल्या प्राण्यांना मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड अशी चार मुखे होती, हे आपणास आठवत असेल. बंदिवासातल्या आपल्या पूर्वजांनी अशी शिल्पे डोळ्यांनी पाहिली असणार, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. नेर्गल वेशीवरचा लामासू इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास उभा राहिला आणि २०१५ पर्यंत तेथेच होता. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आता एकदम आपल्या काळात येतो. १७ जानेवारी १९९१ च्या पहाटे बगदादवर बॉम्बफेक सुरू झाली, आणि सीएनएनचे वार्ताहर अल-रशीद हॉटेलातून ती जगाला ऐकवू लागले. युद्ध घडत असतानाच घरबसल्या पाहण्याची सवय जगाला तेव्हापासून लागली. मुंबईतही केबल टीव्हीचे जाळे पसरू लागले ते याच युद्धाच्या सुमारास. अंधारात पाहू शकणाऱ्या कॅमेऱ्यांतून बगदाद हिरवट दिसे. रस्ते दिसत, पूल दिसत, आकाशात ठिणग्या दिसत. माणूस एकही दिसत नसे. त्याच दिवसांत इराकची स्कड क्षेपणास्त्रे इस्रायलवर पडत होती आणि त्यांतली काही रामात गानमध्ये पडली. रामात गान म्हणजे इराकी ज्यूंचे गाव. १९५०–५१ मध्ये सुमारे १,२०,००० ज्यू इराक सोडून विमानांनी इस्रायलमध्ये आले, त्यांतील पुष्कळजण तेथे स्थिरावले होते. इराक सोडून आलेल्यांच्या दारात चाळीस वर्षांनी इराकचेच क्षेपणास्त्र! ही गोष्ट त्या हिरव्या पडद्यावर कधी आली नाही, कारण ती वरून दिसणारी नव्हती.

२६ नोव्हेंबर २००८ विषयी या श्रोत्यांना मी काय सांगावे? कुलाब्याचे नरिमन हाउस आपण सर्वांनी पाहिलेले आहे, आणि तेथे काय झाले हेही सर्वांना ठाऊक आहे. मला एकच गोष्ट नोंदवायची आहे. हेलिकॉप्टरमधून दोरावरून छतावर उतरणारे कमांडो आपण टीव्हीवर थेट पाहिले. तेच प्रक्षेपण हल्ल्याचे सूत्रधारही पाहत होते आणि फोनवरून आपल्या माणसांना सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वृत्तवाहिन्यांच्या या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. पाहणे हे निरुपद्रवी असते, ही आपली समजूत त्या तीन दिवसांत पुसली गेली.

त्यानंतर दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत अनीश कपूर यांचे प्रदर्शन भरले. त्यांचा जन्म मुंबईचा, १९५४ सालचा. वडील पंजाबी हिंदू, आई बगदादी ज्यू, आणि आईचे वडील पुण्याला हझान. एवढ्या मोठ्या शिल्पकाराचे भारतातले ते पहिलेच प्रदर्शन होते; दिल्लीत एक भाग आणि मुंबईत एक. मुंबईच्या भागात एक तोफ होती. खरीच तोफ, पण दाबलेल्या हवेवर चालणारी. एक सेवक पुढे येई, अकरा किलो वजनाचा लाल मेणाचा गोळा तिच्यात भरी, आणि तोफ तो समोरच्या दोन पांढऱ्या भिंतींच्या कोपऱ्यात डागी. आधी मोठा आवाज होई, मग मेण भिंतीवरून ओघळू लागे. कोपऱ्यात दिवसेंदिवस वाढणारा लाल ढीग. मेणच ते, पण मांसासारखे दिसे.

हे शिल्प मुंबईच्या हल्ल्यावर केलेले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ते २००८–०९ मधले असून २००९ साली प्रथम व्हिएन्नात दाखविले गेले, पुढे लंडनलाही गेले. आपल्या कामातून काही संदेश द्यायचा आहे असे कपूर कधी म्हणत नाहीत. परंतु शिल्प ज्या गावात उभे राहते ते गाव आपला अर्थ त्यात ओततेच. मी ते पाहायला गेलो तेव्हा माझे लक्ष तोफेपेक्षा गर्दीकडे अधिक गेले. पुढचा बार कधी होणार म्हणून लोक ताटकळत होते. फोन उंचावलेले होते. आवाज झाला की आधी दचकणे आणि मग हसू. कोपऱ्यातल्या ढिगाकडे पाहत कोणी फार वेळ थांबत नव्हते. दोन वर्षांपूर्वी टीव्हीसमोर आपण असेच बसलो होतो की काय, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि तो अजून सुटलेला नाही. कपूर यांना २०१७ साली जेनेसिस पारितोषिक मिळाले. त्याची दहा लाख डॉलरची रक्कम त्यांनी निर्वासितांच्या कामासाठी दिली. ज्यू म्हणून हे आपले कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती.

कपूर यांच्या तोफेने आपल्याला पाहणाऱ्यांच्या रांगेत उभे केले. दुसऱ्या शिल्पकाराने वाट वेगळी धरली, आणि माझे मन अधिक रमते ते त्याच्याकडे.

मायकेल राकोविट्झ यांचा जन्म १९७३ चा, अमेरिकेतला. आईचे वडील निस्सिम डेव्हिड हे बगदादचे व्यापारी. १९४० च्या दशकात ते कुटुंबासह देश सोडून न्यूयॉर्कला आले आणि तेथे त्यांनी आयात-निर्यातीची पेढी काढली. जून १९४१ मध्ये बगदादेत ज्यूंची जी कत्तल झाली, जिला फरहूद म्हणतात, तिच्यानंतरची ती वर्षे होती. नातवाने लहानपणी बगदाद जाणले ते आजीच्या स्वयंपाकातून. ते शहर त्याला पहिल्यांदा दिसले सीएनएनच्या त्या हिरव्या प्रकाशात, वयाच्या सतराव्या वर्षी. घरात ज्याचा वास येत होता त्या शहरावर पडद्यावर बॉम्ब पडत होते. त्याच सुमारास आईने त्याला विचारले, न्यूयॉर्कात एकही इराकी खाणावळ नाही, हे तुझ्या लक्षात आले आहे का? राकोविट्झ हा प्रसंग मुलाखतींतून सांगत आले आहेत. मला वाटते, त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे बीज त्या प्रश्नात आहे.

एप्रिल २००३ मध्ये अमेरिकी सैन्य बगदादेत शिरले आणि त्या धामधुमीत इराकचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. सुमेर, अक्काद, बाबेल, अश्शूर यांचा ठेवा तेथे होता. आपल्या तौरातेत ज्यांची नावे येतात त्या भूमीचा ठेवा. पहिल्या बातम्या आल्या की १,७०,००० वस्तू गेल्या. हा आकडा वस्तुतः एकूण संग्रहाचा होता. नंतरच्या मोजणीत सुमारे १५,००० वस्तू गेल्याचे निघाले. आकडा खाली आला तशी बातमीही खाली घसरली, जणू पंधरा हजार म्हणजे काहीच नव्हे. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी तर पत्रकारांसमोर थट्टाच केली होती: टीव्हीवर एकच माणूस एकच भांडे घेऊन पळताना पुन्हा पुन्हा दाखवितात, त्या देशात एवढी भांडी तरी असतील काय, असा तिचा मतितार्थ. पत्रकार हसले. या थट्टेत एक सत्य होते, हेही मान्य करावे लागेल. टीव्ही खरोखरच एकच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवितो. बाकीच्या पंधरा हजार वस्तू कोणी दाखवायच्या?

राकोविट्झ यांनी ते काम अंगावर घेतले. २००७ साली त्यांनी आपल्या साहाय्यकांसह गेलेल्या वस्तू एकेक करून घडवायला घेतल्या. मापे आणि छायाचित्रे शिकागो विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेच्या नोंदींतून आणि इंटरपोलच्या यादीतून घेतली. साहित्य मात्र असे की कोणाही मूर्तिकाराने नाक मुरडावे: खजुराची पाकिटे, चहाच्या पिशव्यांची वेष्टने, मसाल्यांची खोकी, आणि अमेरिकेतल्या अरब वस्तीत मिळणारी अरबी-इंग्रजी वर्तमानपत्रे. त्यांचा लगदा करायचा, चिकटवायचे, आणि मूळ वस्तूच्या आकाराची वस्तू उभी करायची. जवळ जाऊन पाहिले की देवीच्या खांद्यावर मिठाईची जाहिरात दिसते आणि बैलाच्या खुरावर एखाद्या बातमीचा मथळा. ज्या वर्तमानपत्राने हरवलेल्या वस्तूला दोन दिवस जागा दिली आणि मग विसरून गेले, त्याच वर्तमानपत्राच्या कागदातून ती वस्तू परत आली! यापरते चोख उत्तर मला तरी सुचत नाही.

प्रत्येक वस्तूजवळ एक चिठ्ठी असते. तीवर वस्तूचे नाव, द्रव्य, संग्रहालयाचा क्रमांक, आणि सद्यःस्थिती: चोरीस गेली, नष्ट झाली, ठावठिकाणा अज्ञात. या सगळ्या प्रकल्पाचे नाव आहे ‘अदृश्य शत्रू नसो’. हे नाव त्यांनी बनविलेले नाही. बाबेलच्या इश्तार वेशीतून जाणाऱ्या मिरवणुकीच्या राजमार्गाचे ते प्राचीन नाव आहे. ज्या बाबेलने आपले मंदिर जाळले आणि ज्याच्या स्मरणार्थ आपल्या घरी बिरड्याच्या सणाला वालाचे बिरडे शिजते, त्याच बाबेलचा हा रस्ता. जेरुसलेमचे बंदिवान त्या वेशीखालून गेलेच असतील असे मी म्हणत नाही, पण ती वेस त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

आता खजुराविषयी थोडे विषयांतर, आणि देऱ्यात बसून खजुराविषयी बोलण्यास कोणाची हरकत नसावी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका दुकानात राकोविट्झ यांना खजुराच्या काकवीचा डबा मिळाला. त्यावर लिहिले होते लेबनॉन. दुकानदाराने खरी गोष्ट सांगितली: काकवी बगदादची, तेथून ती सीरियात जाऊन डब्यांत भरली जाते, लेबनॉनमध्ये तिला लेबल लागते, आणि मग ती जगात फिरते. आपल्या आजोबांप्रमाणेच ही काकवीही गाव लपवून अमेरिकेत आली आहे, असे त्या नातवाला वाटले नसते तरच नवल. २००६ साली त्यांनी आजोबांच्या पेढीचे नाव पुन्हा लावून ब्रुकलिनमध्ये दुकान थाटले आणि ‘इराकचा माल’ असे उघड लिहिलेला खजूर मागविला. एक टन खजूर हिल्ल्याहून, म्हणजे प्राचीन बाबेलच्या शेजारून निघाला. जॉर्डनच्या सीमेवर ट्रक अडला, त्याच्या पुढेमागे देश सोडून निघालेल्या माणसांच्या रांगा. तेथून तो परतला, सीरियाकडे वळला, आणि उन्हात उभा राहून माल नासला. शेवटी थोड्याच पेट्या विमानाने न्यूयॉर्कला पोहोचल्या. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला रोज खजूर कोठवर आला ते सांगितले जाई. टीव्हीवर निर्वासितांची बातमी पाहून जे चॅनल बदलत, ते खजुराची चौकशी करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

आपल्या लोकांना हे सांगायला नको. बसऱ्याचा खजूर गलबतांतून मुंबईच्या बंदरात उतरे. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी उभारलेली आपली पहिली मशीद, शाआर हारहमीम, ज्या सॅम्युअल स्ट्रीटवर आहे, त्या मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत आजही सुकामेव्याची आणि खजुराची घाऊक उलाढाल चालते. (मस्जिद स्टेशनचे नाव आपल्या मशिदीवरून पडले, असे आपण अभिमानाने सांगतो, सांगत राहू.) एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याच्या ताटात खजूर असतो, पेसाखच्या हारोसेथमध्ये खजूर असतो. येथे अरबीत खजुराच्या काकवीला दिब्स म्हणतात, आणि आपल्या तौरातेत वचनदत्त भूमीतून जो मध वाहतो त्याला देवाश म्हटले आहे. शब्द एकाच मुळाचे, आणि तो मध खजुराचाच, असे आपले रब्बी सांगत आले. बंदरांचा हा शेजार येथेही होता: १९६६ पर्यंत देऱ्याच्या बाजारात रुपया चालत असे. खाडीच्या धक्क्यावर लाकडी गलबते आजही लागतात आणि त्यांवर डबे, पेट्या, पोती चढतात. कोणत्या मालावर कोणत्या देशाचे नाव आहे आणि तो खरा कोठला, हे तेथल्या हमालाला जितके कळते तितके संग्रहालयवाल्यांना कळत नसेल.

आता निनवेच्या बैलाकडे परत. फेब्रुवारी २०१५ च्या अखेरीस आयसिसने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. मोसुलच्या संग्रहालयात घणांनी मूर्ती फोडल्या जात आहेत, आणि नेर्गल वेशीवर एक माणूस यंत्राने लामासूचा चेहरा खरवडून काढीत आहे. ही मोडतोड कॅमेऱ्यासाठीच केलेली होती. संग्रहालयात फोडलेल्या मूर्तींपैकी काही तर प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या, मूळ मूर्ती बगदादेत सुरक्षित होत्या. म्हणजे चित्रफितीलाही थोडे नाटक लागले. लामासू मात्र खरा होता. सत्तावीसशे वर्षे ऊन, पाऊस आणि राज्ये सोसलेला दगड काही मिनिटांच्या दृश्यासाठी गेला.

२८ मार्च २०१८ रोजी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातल्या चौथ्या चौथऱ्यावर राकोविट्झ यांचा लामासू उभा राहिला. त्याच्या अंगावर खजुराच्या काकवीचे १०,५०० रिकामे डबे कापून, सपाट करून बसविलेले होते. लाल, सोनेरी, हिरव्या रंगांचे पंख. डब्यांवरची अरबी अक्षरे तशीच ठेवलेली. कुशीवर सन्हेरीबाचा कीलाकृती लेख. त्या चौकात नेल्सनचा स्तंभ आहे, सेनापतींचे पुतळे आहेत, आणि त्यांच्यामध्ये दोन वर्षे हा डब्यांचा बैल उभा होता. इराण-इराक युद्धात शत्त-अल-अरबच्या काठची खजुराची बने तोफांनी उद्ध्वस्त झाली, पुढच्या युद्धांत आणखी गेली. म्हणून शिल्प डब्यांचे. दगडाबरोबर बागाही गेल्या, हे त्यातून सांगायचे होते.

येथे आपल्यापैकी कोणी मला अडवील, आणि अडवावेच. सन्हेरीब म्हणजे ज्याने लाखीशच्या लोकांना सुळावर चढविले तोच ना? मग त्याच्या वेशीचा राखणदार एका ज्यूने पुन्हा का उभा करावा? ज्या इराकने शेवटी आपल्या ज्यूंना राहू दिले नाही, त्याचा शोक आपण का करावा?

या प्रश्नाला राकोविट्झ यांचे स्वतःचे उत्तर आहे. ते स्वतःला अरब-ज्यू म्हणवितात. हा शब्द ऐकून काही भुवया उंचावतील. त्यांची राजकीय मते या सभेत अनेकांना पटणार नाहीत, मलाही सगळी पटत नाहीत. परंतु आपण स्वतःला मराठी ज्यू म्हणवितो तेव्हा त्या दोन शब्दांत आपल्याला कधी विरोध वाटला आहे काय? आपल्याला कोणी हाकलले नाही, म्हणून तो जोडशब्द आपल्या जिभेवर सहज बसतो. ज्यांना हाकलले त्यांच्या नातवाला तो शब्द डबे कापून, चिकटवून पुन्हा जोडावा लागतो.

माझे उत्तर थोडे वेगळे आहे. योम किप्पूरला, आपल्या दारफाळणीच्या सणाला, दुपारी आपण योना वाचतो. उपासाने घसा कोरडा पडलेला असतो, आणि अशा वेळी आपल्यासमोर काय ठेवले आहे? निनवे. शत्रूचे शहर वाचले म्हणून रुसलेला संदेष्टा, आणि तेथल्या १,२०,००० हून अधिक माणसांची आणि गुराढोरांचीही काळजी वाहणारा देव. ज्या रब्बींनी हा ग्रंथ त्या दिवसासाठी नेमला त्यांना लाखीश ठाऊक नव्हते असे नाही. लाखीशची भिंत पाहताना माझे रक्त तापते. पण नेर्गल वेशीचा चेहरा यंत्राने खरवडणाऱ्याने लाखीशचा सूड घेतला, असे मला एक क्षणही वाटत नाही. त्याने सन्हेरीबाचेच काम पुढे चालविले: आधी मोडायचे, मग मोडल्याचे चित्र चौफेर लावायचे.

२०२० साली राकोविट्झ यांच्या कामाचे प्रदर्शन दुबईत, जद्दाफच्या काठावरील जमील आर्ट्स सेंटरमध्ये भरले. देऱ्याहून खाडीच्या वरच्या अंगाला, फार लांब नाही. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये अब्राहम करारावर सह्या झाल्या. दोन घटनांचा संबंध जोडण्याचा मोह मी टाळतो. महामारीमुळे तेव्हा सगळेच शहर निम्मे बंद होते, आणि बाहेर पडताना लोक दोनदा विचार करीत. तरीही मी गेलो. त्या वस्तूंसमोर उभे राहून पाकिटांवरची नावे वाचताना माझ्या शेजारी एक वयस्क इराकी गृहस्थ होते. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हते. एका मूर्तीच्या छातीवरचे वेष्टन दाखवून ते म्हणाले, हा चहा माझी आई आणायची. मूर्ती कोणाची, किती हजार वर्षांची, हे त्यांनी पाहिलेच नाही.

गेल्या काही वर्षांत आपण काय काय पाहिले ते मी येथे मोजत बसणार नाही. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर आपल्यातल्या कितीतरी घरांत फोन उशाशी ठेवून झोपण्याची सवय लागली आहे. अश्दोदला कोणाची बहीण आहे, दिमोनाला कोणाचे मामा. माझ्या इमारतीत वरच्या मजल्यावर ज्या वाहिनीवर जे युद्ध दिसते, ते खालच्या मजल्यावर वेगळेच दिसते, आणि सकाळी दोन्ही मजल्यांची माणसे एकाच लिफ्टमध्ये भेटतात. नमस्कार होतो, सलाम होतो, हवा किती तापली आहे यावर बोलणे होते. पडद्यावर जे पाहिले त्याविषयी कोणी बोलत नाही. एखादी वस्तू मध्ये असती, एखादा डबा, एखादे वेष्टन, तर बोलणे निघाले असते असे मला कधी कधी वाटते.

राकोविट्झ यांचे काम अजून चालू आहे. १५,००० पैकी काही हजार वस्तू पुढे मूळ स्वरूपात मिळाल्या, संग्रहालयात परतल्या. ज्या मिळाल्या नाहीत त्यांची यादी इतकी मोठी आहे की एका आयुष्यात ती संपणारी नाही. त्यांच्या काही कलाकृती ब्रिटिश म्युझियमच्याही संग्रहात आहेत, जेथे लाखीशची भिंत आहे. लंडनला जाणाऱ्याने भिंतीसाठी वेळ काढावा, आणि या कागदी वस्तूंचीही चौकशी करावी.

माझे बोलणे संपले. मागच्या टेबलावर मी देऱ्याच्या बाजारातून आणलेल्या दिब्सचे तीन डबे ठेवले आहेत. पेसाखसाठी कोषेर आहेत की नाहीत ते विचारू नका, तो निवाडा माझ्याकडे नाही. चहाबरोबर लेबले मात्र वाचून पाहा. एका डब्यावर तीन लिपी आणि दोन देश आहेत. खजूर त्यांतल्या कोणत्या देशाचा, हे ज्याला सांगता येईल त्याने तो डबा घरी न्यावा. आता प्रश्न असतील तर घेतो.